पेंढा भरलेली मगर आणि तिचे वकील

नदीकाठी मुलींचा एकदम ओरडा होतो. वाटेनं चाललेला एक तरणाबांड घोडेस्वार तो ऐकतो, झाडीतून धावत येतो आणि पाहतो, तर एका देखण्या मुलीच्या पाठीमागे भलीमोठी मगर जबडा उघडून पडलेली! घोडेस्वार जातिवंत शूर आहे. म्हणजे आधी फेकायचं आणि मग बघायचं. तो नेम धरून भाला फेकतो. भाला बरोब्बर लागतो. मगर हूं की चूं करत नाही. मुली मात्र एकमेकींकडे बघून हसायला लागतात, कारण मगर कधीच मेलेली असते. कातड्यात पेंढा भरून कुणीतरी ती तिथे मांडून ठेवलेली असते. ती देखणी मुलगी निघते चोळांची राजकन्या, आणि पुढे लग्न करते ती याच गड्याशी.

गड्याचं नाव वल्लवरैयन वंदियदेवन, आणि तो राहतो एका तमिळ कादंबरीत. कल्की कृष्णमूर्तींनी आपल्या 'कल्की' साप्ताहिकात २९ ऑक्टोबर १९५० पासून 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी क्रमशः लिहायला घेतली आणि १९५४ मध्ये संपवली. पाच भाग, दोन हजारांहून जास्त पानं. पोन्नी म्हणजे कावेरी, आणि कावेरीचा हा लाडका पुत्र म्हणजे अरुळमोळीवर्मन, अर्थात पुढे ज्यानं तंजावरचं मोठं देऊळ बांधलं तो राजराज चोळ. कादंबरीला नाव त्याचं, राज्यावर हक्क त्याचा, शेवटी हातात आलेला मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याचा मोठेपणाही त्याचाच. हा माणूस दोन हजार पानांत सांगण्याजोगी एक चूक करत नाही. तमिळ वाचक त्याच्यापुढे हात जोडतात, आणि जोडून झाले की विचारतात, "वंदियदेवन कुठंय?"

या वंदियदेवनाचं प्रगतिपुस्तक पाहण्यासारखं आहे. बोलू नये तिथे बोलतो. गप्प बसायला सांगितलं की प्रश्न विचारतो. थापा मारण्यात तरबेज, पण एक थाप मारताना आधीची कोणती मारली होती ते आठवत नाही. भुकेची वेळ झाली की साम्राज्याचं भवितव्य थोडा वेळ बाजूला ठेवतो. जिवापलीकडे जपायचं गुप्त पत्र नको त्याच्या हाती जाऊ देतो. तंजावरच्या किल्ल्यात शिरतो तो दुसऱ्याच्या मुद्रेची अंगठी दाखवून. आजारी सम्राटाला 'अपाय आहे' असं सांगायला जातो, आणि किल्लेदारानं कान टवकारल्यावर छातीठोकपणे म्हणतो, "छे, मी तर अभय मागत होतो." असल्या मुलाला आपण घरात घेतलं असतं की नाही, हा प्रश्नच नाही. आपण त्याला सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत सही करायला लावून परत पाठवलं असतं.

पण तमिळनाडूत सत्तर वर्षं त्याच्यावर लोक जीव टाकून आहेत, आणि त्यांचं हे प्रेम जवळून बघायचं तर तंजावरला जावं. तिथे हा रोग साथीचा आहे.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झालं. शिखराची उंची सुमारे २१६ फूट. १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्याबद्दलची सर्वांत लाडकी गोष्ट अशी, की शिखराची सावली म्हणे जमिनीवर पडत नाही. पडते. उन्हं कलली की चांगली ऐसपैस पडते, आणि तिच्यात बसून एक कुटुंब दुसऱ्या कुटुंबाला सावली पडत नसल्याचं सांगत असतं. चाहत्याचा स्वभावच तो. एकदा एखाद्या गोष्टीवर मन बसलं की तिची सावलीसुद्धा त्याला कलंक वाटते.

ज्यानं हे देऊळ बांधलं त्या राजराजाचा पुतळा देवळाच्या आवारात नाही. आवारात बसवायला परवानगी मिळाली नाही, म्हणून १९७२ साली तो बाहेर उभा राहिला. लोक येतात, पुतळ्यासमोर फोटो काढतात, आत जातात, आणि फोन हातात धरून भिंतींवर वंदियदेवनाचं नाव शोधू लागतात. कारण नाव आहे. राजराजाची बहीण कुंदवै हिनं देवळाला भरभरून दानं दिली, आणि त्या शिलालेखांत तिची ओळख 'वल्लवरैयर वंदियदेवांची राणी' अशी दिलेली आहे. इतिहासानं या माणसाबद्दल ठेवलेला मजकूर जवळजवळ एवढाच: अमक्या बाईचा नवरा. कल्कींनी त्या एका ओळीतून घोडा काढला, भाला काढला, भूक काढली आणि मगर काढली. आता हजार वर्षांचं ग्रॅनाइट लोक वाचतात ते मालक कोण हे बघायला नव्हे, जावई कोण हे बघायला.

भिंतींवरचा मजकूर म्हटला की मराठी माणसाची मान आपोआप ताठ होते, कारण याच देवळाच्या आवारातल्या भिंतीवर तंजावरच्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे. वाचता वाचता मान दुखते. अक्षरं पुष्कळ आणि सावली कमी. माणूस दगडावर लिहायला बसला की पराक्रम लिहितो. चुकीमुळे झालेली फजिती कोरायला पाथरवटाची मजुरी कोण देणार?

पण त्याच घराण्यातले एक राजे याला अपवाद होते. एकोजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे, शहाजीराजे. १६८४ ते १७१२ हा त्यांचा काळ. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांचं मराठी नाटक मराठीतल्या सर्वांत जुन्या नाटकांत मोजतात. त्यांनी तेलुगूत 'सतीदानशूरमु' नावाचं एक प्रहसनही लिहिलं. त्यात मोरोभट नावाचे एक विद्वान गुरुजी परक्या बाईवर लट्टू होतात. शिष्य त्यांना त्यांचाच वेदान्त ऐकवून शुद्धीवर आणू पाहतो, तर गुरुजी तोच वेदान्त आपल्या बाजूनं फिरवतात. तीनशे वर्षांपूर्वी गादीवर बसलेल्या राजानं असला घसरलेला नायक दरबारासमोर उभा केला. दरबारात त्या वेळी किती मोरोभट पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांतले किती जण सर्वांत मोठ्यानं हसले, याचा शिलालेख मात्र नाही.

तंजावरच्या लोकांना परिपूर्ण माणसांची वानवा नाही, तरी त्यांचा ओढा नेहमी दुसरीकडे. इथली मान डोलावणारी बाहुली प्रसिद्ध आहे, आणि तिचीच गोल बुडाची भावंडं आहेत: टिचकी मारा, आडवी होतात, सोडा, पुन्हा उभी. वंदियदेवन ही त्या जातीची वस्तू. न पडणाऱ्याला लोक हार घालतात; पडून उठणाऱ्याला पुन्हा टिचकी मारतात. प्रेम म्हणतात ते हेच.

राजवाड्याजवळच्या ज्या मराठी घरात मला या प्रेमाचं खरं रूप दिसलं, तिथली माणसं साडेतीनशे वर्षांमागे इकडे आलेल्यांच्या वंशातली. घरात मराठी बोलतात, तिला तमिळचा हेल. चिठ्ठी लिहायची वेळ आली की तीच मराठी तमिळ लिपीत लिहितात, आणि पानात डांगर पचडी वाढताना 'पुण्याकडे हे मिळत नाही ना?' असं विजयी मुद्रेनं विचारतात. कपाटात देवांच्या शेजारी जाड बांधणीचे गठ्ठे. साप्ताहिकातून दर आठवड्याला कापलेली 'पोन्नियिन सेल्वन'ची पानं, मणियम यांच्या चित्रांसकट, आजोबांच्या वडिलांनी शिवून ठेवलेली. असे गठ्ठे तमिळनाडूत कितीतरी घरांत आहेत. मुलीच्या लग्नात दागिन्यांची वाटणी शांतपणे होते, भांडण या गठ्ठ्यांवरून होतं.

घरातली नात चेन्नईत चित्रकला शिकते. ती याच कथेची चित्रमालिका करते: टॅबलेटवर काढायची, दर आठवड्याला एक भाग, फोनवर अंगठ्यानं वर सरकवत वाचायचा. कुणाची परवानगी लागत नाही, कारण तमिळनाडू सरकारनं १९९९ साली कल्कींचं साहित्य राष्ट्रीयीकृत केलं आणि ते सगळ्यांचं झालं. सगळ्यांचं झालं याचा अर्थ त्या पोरीला फार उशिरा कळला. तिचा प्रत्येक भाग बाहेर जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर येतो, आणि तिथे चार पिढ्यांची मतं ताटांच्या मधे ठेवलेली असतात.

मी गेलो त्या दिवशी मगरीचा भाग आला होता. पोरीनं झकास काढला होता. भाला फेकतानाचा वंदियदेवनाचा आवेश, मग हसणाऱ्या मुली, मग त्याचा चेहरा. तो चेहरा बघून मी मोठ्यानं हसलो. टेबलावर दुसरं कुणी हसलं नाही.

"मगर फारच खोटी दिसते," आजोबा म्हणाले.

"आजोबा, ती खोटीच आहे."

"ते आपल्याला माहीत. त्याला काय माहीत? मगर अगदी खरी दिसली पाहिजे. नाहीतर तो वेडा ठरतो."

"तो वेडाच ठरतो, आजोबा. म्हणून तर त्या हसतात."

"ऊन डोळ्यांवर होतं असं दाखव," बँकेतले काका म्हणाले. "पश्चिमेकडे तोंड होतं त्याचं. मी जागा बघून आलोय."

"वाऱ्यानं मगरीची शेपटी जरा हलली असं काढ गं," आजी म्हणाली. "पोरगा इतक्या लांबून घोड्यावर आलेला. डोळ्यांत धूळ गेली असेल."

दहा मिनिटांत खटला उभा राहिला. ऊन, वारा, धूळ, अंतर, उपाशी पोट, पाठमोऱ्या राजकन्येमुळे झालेली मनाची चलबिचल. बचावाचे साक्षीदार एकापाठोपाठ एक येत होते. वंदियदेवन चुकला होता हे कबूल करायला टेबलावर कुणी तयार नव्हतं, आणि तो चुकला म्हणूनच ते सगळे लहानपणी त्याच्या प्रेमात पडले होते. चाहता नावाच्या प्राण्याचा सगळा स्वभाव इथे आला. तो दोषामुळे प्रेमात पडतो, आणि मग उरलेलं आयुष्य तो दोष नव्हताच हे सिद्ध करण्यात घालवतो.

तिथे प्रत्येकाचं आपापलं अशील होतं. आजोबांचं अशील थोरले पळुवेट्टरैयर. हे चोळांचे खजिनदार, युद्धांत अंगावर चौसष्ट जखमा झेललेले, आणि उतारवयात नंदिनी नावाच्या तरुण सुंदरीशी लग्न करून तिच्या तालावर नाचणारे. आजोबा त्या चौसष्ट जखमांबद्दल इतक्या तपशिलानं बोलतात की काही त्यांच्याच अंगावर झाल्या असाव्यात. "म्हातारपणी माणसाला सोबत लागते," असं ते म्हणाले, तेव्हा आजीनं भाताचं पातेलं जरा जोरात ठेवलं. "सोबतच हवी होती तर आपल्या वयाची मिळाली असती," ती म्हणाली. बचाव पक्षानं तो मुद्दा पुढे रेटला नाही.

आजीचं अशील वानती. ही कोडुंबाळूरची नाजूक राजकुमारी. राजपुत्र समोर आला की बेशुद्ध पडते, गेला की पुन्हा पडते. कादंबरीत तिला शुद्धीवर आणायला एक स्वतंत्र दासी नेमायला हवी होती. नातीनं तिला एका भागात दोनदा पाडली, तर आजीनं दिवसभर अबोला धरला. "रक्त कमी असेल पोरीला," हे तिचं निदान. "आणि शेवटी सिंहासनावर बसणार नाही अशी शपथ घेतली ती कुणी? तुमच्या त्या धीट पूंकुळलीनं?"

पूंकुळली हे काकूंचं अशील. कोडिक्करैच्या समुद्रात एकटीनं होडी हाकणारी, फटकळ, दलदलीत रात्री पेटणारी भुतं हेच आपले प्रियकर असं सांगून समोरच्याची बोबडी वळवणारी. काकू स्वतः स्कूटरवरून बाजारात जायलाही काकांना मागे बसवतात. पण पूंकुळलीच्या होडीवर त्यांनी कितीतरी दुपारी एकट्यानं काढल्या आहेत.

सर्वांत कडक वकिली मात्र काकांची, आणि ती नंदिनीसाठी. नंदिनी म्हणजे कादंबरीची विषकन्या. युवराज आदित्य करिकालनावर सूड उगवण्यासाठी तिनं कट रचला. त्याच्या खुनाच्या वेळी ती तिथेच, पळुवेट्टरैयर तिथेच, आणि आपला वंदियदेवनही तिथेच लपलेला, म्हणून आळ आला त्याच्यावर. नेमका वार कुणाचा, हे कल्कींनी इतक्या धुक्यात ठेवलं की तमिळ घरांत त्यावर सत्तर वर्षं सुनावणी चालू आहे. आता खरा इतिहास असा, की काट्टुमन्नार्कोविलजवळच्या उडैयारगुडीच्या देवळात एक शिलालेख आहे आणि त्यात आदित्याच्या मारेकऱ्यांची नावं आहेत: सोमन, रविदासन, परमेश्वरन. काका तिथे जाऊन आले आहेत. फोटो दाखवून ते मला म्हणाले, "बघा. नंदिनीचं नाव आहे का कुठे?"

"नाही," मी म्हणालो. "पण नंदिनी तर कल्कींनी रचलेली—"

"नाही ना? मग झालं तर!"

जी बाई जन्मलीच नाही, तिची हजार वर्षांच्या पुराव्यानिशी निर्दोष मुक्तता झाली होती. अशी निष्ठा वकील परिषदेत सापडणार नाही. सरकारी पर्यटन विभागानं या कादंबरीवर चित्रपट आला त्या वेळी कथेतल्या ठिकाणांची खास सहल काढली होती, तीत काका गेले होते. तलाव, समुद्रकिनारा, देवळं. जिथे जिथे वंदियदेवन धडपडला तिथे तिथे बस थांबत होती. राजराज जिथे जिथे जिंकला तिथे बस नेली असती तर डिझेल परवडलं नसतं, हे खरं. पण मागणीही नव्हती.

नात काही दिवस हे सगळं ऐकत राहिली आणि मग तिनं फार शहाणपणाची खोडी केली. सर्वांच्या सूचना मान्य करून एक भाग पुन्हा काढला. वंदियदेवन नदीकाठी येतो. मगर बघतो. नीट निरखून पाहतो. "ही पेंढा भरलेली आहे," असं शांतपणे म्हणतो. मुलींना नमस्कार करतो, घोड्यावर बसतो आणि वेळेवर तंजावरला पोचतो. पत्र सांभाळून ठेवलेलं आहे, केस विंचरलेले आहेत, पोट भरलेलं आहे. नंबीला, म्हणजे कपाळी गंध लावून दिसेल त्या शैवाशी वाद उकरून काढणाऱ्या त्या ठेंगू, गोलमटोल हेराला, तिनं सडपातळ केलं आणि मितभाषी केलं. वानती दोन्ही पायांवर उभी.

टेबलावर फोन हातोहात फिरला. अंगठे वर सरकत राहिले. शेवटी आजीनं चष्मा काढला आणि विचारलं, "हा कोण?"

"वंदियदेवन."

"हा आपला नव्हे," आजी म्हणाली. "हा कुणाचा तरी मोठा भाऊ आहे."

त्यानंतर सूचना थांबल्या असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात मिशीवरून वाद झाला. मूळ मालिकेला मणियम यांची चित्रं होती. श्रीलंकेतले प्रसंग रंगवण्यासाठी कल्की त्यांना तिकडे घेऊनही गेले होते. पुढे साप्ताहिकानं हीच कादंबरी पुन्हा पुन्हा छापली, निरनिराळ्या चित्रकारांच्या हातची. म्हणजे प्रत्येक पिढीचा वंदियदेवन निराळा, प्रत्येकाची मिशी निराळी, आणि आपल्या बाराव्या वर्षी जी पाहिली तीच अस्सल. आजोबांच्या मते आताच्या मिशीत दरारा नाही. दरारा त्याच्यात कधी नव्हताच, हे मी बोललो नाही. पाहुण्यानं पचडी खावी.

खरं तर हे लोक लेखकालाही सोडत नाहीत. कादंबरी संपली तेव्हा वाचकांनी कल्कींना पत्रांनी भंडावलं: अमक्याचं पुढे काय झालं, तमकीचं लग्न कुणाशी, हे असं अर्धवट कसं सोडलंत? कल्कींनी समारोप लिहून उत्तरं दिली, आणि वंदियदेवन-कुंदवै यांचं लग्न झाल्याचंही सांगून टाकलं. दोन हजार पानं लिहून झाल्यावर बिचाऱ्याला जाबजबाब द्यावे लागले. ५ डिसेंबर १९५४ रोजी ते वारले, आणि तेव्हापासून उरलेल्या शंकांची उत्तरं वाचक एकमेकांना देत आहेत.

सिनेमावाल्यांचं तर विचारूच नका. एम. जी. रामचंद्रन यांनी १९५८ सालीच यावर चित्रपट काढायचं जाहीर केलं होतं. तो झाला नाही. मणिरत्नम यांनी तो काढला तेव्हा २०२२ उजाडलं होतं, दुसरा भाग २०२३ मध्ये आला. मधल्या साठेक वर्षांत प्रत्येक तमिळ घरानं जेवणाच्या टेबलावर आपापला चित्रपट काढला होता, नटनट्यांसकट. चोळांच्या या कथेचं चित्रीकरण सुरू झालं थायलंडमध्ये, हे एक आजोबांचं शल्य. दुसरं असं, की कादंबरीत फुलं वेचणारा गरीब सेंदन अमुदन हाच खरा राजपुत्र निघतो, हा डाव चित्रपटानं गाळला. काका म्हणाले, "तीन तास बसवून घेतलं, आणि आमच्या माणसाचा मुकुट खाल्ला." तिकीट त्यांनी दोनदा काढलं होतं.

हे सगळं पाहून मराठी माणसानं हसावं आणि घरी यावं, असं सोपं नाही. आपल्याकडेही लाडके वेंधळे कमी नाहीत. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव दिला. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेव्हा रस्ते ओस पडत. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू वर्तमानपत्रातून घराघरांत आला, आणि अभ्यास टाळणाऱ्या त्या कार्ट्याचं चित्र कापून ठेवणारे बाप स्वतःच्या कार्ट्याला मात्र त्याच दिवशी शिकवणीला घालत होते. साध्या कपड्यातला माणूस चुकला की आपण त्याला पोटाशी धरतो. अडचण होते ती घोड्यामुळे. घोड्यावर बसला की आपल्याकडे माणूस चुकायचा थांबतो.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या उघडून बघा. नायकाला ताप येतो, पण शिंक येत नाही. त्याला अन्याय सोसावा लागतो, पण भूक लागत नाही. त्याचा भाला चुकत नाही, आणि चुकलाच तर त्यामागे फितुरी असते. महाभारतातला कर्ण चांगला दोषांनी भरलेला होता. त्याच्यावर कादंबऱ्या लिहून आणि वाचून आपण त्याला असा धुऊन काढला, की आता कुरुक्षेत्रावर चूक फक्त चाकाची उरली आहे. नंदा खरे यांनी १९९७ साली 'अंताजीची बखर'मध्ये पेशवाईतला एक खोडकर, स्वतःची कातडी सांभाळणारा, सगळीकडे नको तेव्हा हजर असणारा अंताजी उभा केला. जाणकारांनी त्याचं कौतुक केलं. पण अंताजी जिथे जिथे पळाला तिथे तिथे थांबणारी बस अजून सुरू झालेली नाही. सुरू झाली तर पहिल्याच थांब्यावर कुणाच्या तरी भावना बसखाली येतील.

तमिळ लोकांनी यावर युक्ती काढली आहे. राजराजाला त्यांनी देवळापाशी उभा केला, हार घातला, दरवर्षी त्याच्या जन्मनक्षत्राचा सोहळा केला, आणि त्याच्या शेजारी चुका करायला एक वंदियदेवन ठेवला. मोठेपणा एकाकडे, मजा दुसऱ्याकडे. मुलांची नावं ठेवताना अरुळमोळी, वानती, पूंकुळली अशी सरमिसळ केली. पूजा आणि जिव्हाळा यांची खाती वेगळी ठेवली, की दोन्ही बँका बुडत नाहीत.

तेव्हा वाचकहो, कथेतल्या एखाद्या पात्रावर तुमचा जीव जडला असेल, तर एक विनंती. त्याच्या चुकांची वकिली जरूर करा. तो चाहत्याचा हक्कच आहे. ऊन होतं म्हणा, वारा होता म्हणा, धूळ होती म्हणा. फक्त खटला जिंकू नका. जिंकलात तर तो निर्दोष सुटेल, नीटनेटका होईल, वेळेवर पोचेल, आणि निर्दोष माणसाची गोष्ट पुढच्या आठवड्यात कोणी वाचत नाही.